मॅमोग्राफी एक सांगते, सोनोग्राफी दुसरे: नौपाड्यातील स्तनतपासणी केंद्राचे परीक्षण

ठाण्याच्या नौपाड्यातील या स्तनतपासणी केंद्रात आम्ही गेलो ते दोन अहवाल हातात घेऊनच, आणि त्या दोन अहवालांचे एकमेकांशी पटत नव्हते. माझ्या थोरल्या वहिनी बावन्न वर्षांच्या आहेत आणि ऐरोलीला राहतात. त्यांच्या मॅमोग्राफीच्या अहवालात डाव्या स्तनाच्या वरच्या बाहेरील भागात कॅल्शियमच्या सूक्ष्म कणांचा पुंजका दिसतो असे लिहून, कर्करोगाची शक्यता किती ते सांगणाऱ्या बायरॅड्स पद्धतीतील ४ए ही श्रेणी दिलेली होती. त्यानंतर दुसऱ्या ठिकाणी केलेल्या सोनोग्राफीत मात्र पाण्याच्या दोन-तीन साध्या गाठींखेरीज काहीही नाही, श्रेणी २, असे नमूद केले होते. एक कागद बायोप्सी करा म्हणत होता आणि दुसरा निर्धास्त राहा म्हणत होता. अशा वेळी कोणत्या कागदावर विश्वास ठेवायचा, पुढची तपासणी करायची की नाही आणि केलीच तर कोणती, हा प्रश्न घेऊन जे या केंद्राचा पत्ता शोधत असतील त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. येथील यंत्रे चांगली आहेतच, पण पैसे मोजावेत ते दुसऱ्याच गोष्टीसाठी: येथील रेडिओलॉजिस्ट डॉक्टर दोन्ही तपासण्यांच्या मूळ प्रतिमा शेजारीशेजारी लावून पाहतात, कोणत्या तपासणीला काय दिसते आणि काय दिसूच शकत नाही हे रुग्णाला कळेल अशा शब्दांत सांगतात, आणि पुढे काय करावे ते कारणासह लेखी देतात.

केंद्रात जाण्यापूर्वी आमच्याकडे सल्ल्यांची कमतरता नव्हती. वहिनींच्या नेहमीच्या डॉक्टरांचे म्हणणे असे होते की सोनोग्राफी नंतर झाली आहे, तेव्हा तोच अहवाल धरावा आणि सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे. दादाला एमआरआय करून एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावायचा होता. आईला बायोप्सीचे नावच नको होते, कारण सुई लावली की रोग पसरतो हे तिने आयुष्यभर ऐकलेले आहे. ओळखीच्यांपैकी काहींनी ‘सरळ टाटाला जा’ असे सांगितले. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून रुग्णसेवेत आहे आणि त्याच संस्थेचे ॲक्ट्रेक हे केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे, त्यामुळे आपल्या भागातील माणसाच्या तोंडी हा सल्ला पटकन येणे साहजिक आहे. परंतु कर्करोग आहे की नाही हेच ठरलेले नसताना, निदान पूर्ण करण्याचे काम घराजवळच्या चांगल्या केंद्रातही नीट होऊ शकते असे मला वाटते. वहिनी स्वतः या सगळ्यात गप्प होत्या. दोन्ही अहवाल त्यांनी एकाच पिशवीत घडी करून ठेवले होते आणि कोणी विषय काढला की त्या स्वयंपाकघरात निघून जात.

केंद्राची पहिली चांगली गोष्ट फोनवरच कळली. वेळ घेण्यासाठी फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी दर सांगण्याआधी विचारले, “मॅमोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी आहे का? नुसता रिपोर्ट आणलात तर मॅडमना काही सांगता येणार नाही.” जुनी मॅमोग्राफी झाली असेल तर तीही आणा, चालू औषधांची यादी आणा आणि येताना काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नका, असेही त्यांनी बजावले. ही शेवटची सूचना मला आधी विचित्र वाटली. नंतर कळले की अशा पदार्थांतील कण त्वचेवर राहिले तर ते मॅमोग्राफीत कॅल्शियमच्या कणांसारखे पांढरे दिसू शकतात. वहिनींची पहिली मॅमोग्राफी जेथे झाली होती तेथे मात्र अशी कोणतीही सूचना मिळाली नव्हती, आणि सीडी मागितली तेव्हा ‘रिपोर्ट दिला आहे ना’ असे उत्तर आले. ज्यांना अशी अडचण येईल त्यांनी लक्षात ठेवावे की वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेल्या वैद्यकीय नोंदी ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आम्ही तसा लेखी अर्ज दिला आणि सीडी मिळाली. काही वर्षांपूर्वीची एक फिल्मही वहिनींच्या कपाटात साड्यांच्या तळाशी सापडली, आणि तिचा उपयोग आम्हाला वाटले होते त्यापेक्षा पुष्कळच जास्त झाला.

केंद्र गोखले रोडपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर आहे. स्वागतकक्ष लहान पण स्वच्छ आहे. आमच्या ठरलेल्या वेळेपेक्षा बरेच उशिरा आम्हाला आत घेतले गेले, पण आत गेल्यावर डॉक्टरांनी आम्हाला जराही घाई केली नाही, त्यामुळे त्या उशिराचे कारण आपोआप कळले.

आधी स्तनशल्यचिकित्सक डॉक्टरांनी वहिनींना हाताने तपासले. बसवून, झोपवून, दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा त्यांनी पाहिल्या आणि हाताला काहीही लागत नाही अशी नोंद केली. पूर्वीच्या दोन्ही ठिकाणी ही तपासणी कोणीच केलेली नव्हती. स्तनाच्या तक्रारीत हाताने तपासणी, प्रतिमा आणि गरज पडल्यास बायोप्सी या तिन्हींचा मिळून विचार करायचा असतो, आणि तिन्हींपैकी एकही संशयास्पद असेल तर बाकीच्या दोन चांगल्या आहेत म्हणून तिला बाजूला सारता येत नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगितले. प्रशिक्षित हाताची ही तपासणी किरकोळ मानली जाते याचे मला वाईट वाटते. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईतील वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दोन-दोन वर्षांनी केवळ हाताने केलेल्या तपासणीमुळे कर्करोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडतो, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले, असे त्यात दिसले. आपल्याकडे ज्या तपासणीला यंत्र लागत नाही तीच नेमकी वगळली जाते.

त्यानंतर रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांच्या खोलीत गेलो. खोलीत अंधार होता आणि दोन मोठे पडदे होते. एका पडद्यावर त्यांनी आताची मॅमोग्राफी लावली, दुसऱ्यावर जुनी फिल्म स्कॅन करून लावली, आणि डाव्या स्तनाचा तो भाग दोन्हीकडे सारखाच मोठा केला. आताच्या प्रतिमेत एका छोट्या जागेत बारीक मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके होते. काही जरा मोठे, काही अगदी पुसट, आणि सगळे एकमेकांजवळ. जुन्या प्रतिमेत त्या जागी काहीच नव्हते. “हे नवीन आहेत, एका जागी जमलेले आहेत आणि सगळे एकसारख्या आकाराचे नाहीत. म्हणून मी यांना सोडून देणार नाही,” असे त्या म्हणाल्या. वहिनी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पाहत राहिल्या. इतके दिवस ज्या गोष्टीची धास्ती घेतली ती प्रत्यक्षात एवढीशी आहे हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदाच पाहिले.

मग आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळाले, आणि ते इतके सरळ होते की आधीच्या कोणी ते का सांगितले नाही याचे नवल वाटले. मॅमोग्राफी क्ष-किरणांनी होते आणि कॅल्शियमचे अतिसूक्ष्म कणही तिला स्पष्ट दिसतात. सोनोग्राफी ध्वनिलहरींनी होते. भरीव गाठ आणि पाण्याची गाठ यांतला फरक ती उत्तम सांगते, पण गाठ न बनवता नुसतेच असलेले असे कण तिला बहुतेक वेळा दिसतच नाहीत. म्हणजे सोनोग्राफी चांगली आली याचा अर्थ ‘तेथे गाठ नाही’ एवढाच होता. ‘ते कण निरुपद्रवी आहेत’ असे सोनोग्राफीने म्हटलेले नव्हते आणि तिला ते म्हणताही आले नसते. दुधाच्या नलिकांच्या आतच असलेला, अजून बाहेर न पडलेला असा जो अगदी सुरुवातीचा कर्करोग असतो, तो पुष्कळदा केवळ अशा कणांच्या रूपानेच दिसतो. त्यामुळे कोणता अहवाल ताजा आहे याला येथे काही महत्त्व नव्हते. मॅमोग्राफीने उपस्थित केलेल्या या प्रश्नाचे उत्तर देणे सोनोग्राफीच्या आवाक्यात नव्हते, इतकेच.

उलट परिस्थितीही तितक्याच वेळा येते, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि येथे त्याची नोंद करणे मला आवश्यक वाटते, कारण हे वाचणाऱ्या अनेकींच्या हातात आमच्यापेक्षा उलटे अहवाल असतील. ज्या स्त्रियांच्या स्तनात दाट ऊती जास्त असतात त्यांची मॅमोग्राफी पांढुरकी दिसते, गाठही पांढरीच दिसते, आणि पांढऱ्यात पांढरे लपून जाते. अहवालात घनतेच्या ए ते डी अशा चार श्रेण्या लिहिलेल्या असतात. सी किंवा डी लिहिले असेल तर ‘मॅमोग्राफी नॉर्मल’ या शब्दांवर एकट्याने विसंबून राहू नये. अशा वेळी सोनोग्राफीत भरीव, वेड्यावाकड्या कडांची गाठ दिसली तर सोनोग्राफीचा शब्द धरून तिच्याच मदतीने बायोप्सी करतात. आपल्याकडे स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत साधारण दहा वर्षे लहान वयात आढळतो आणि तरुण वयात ऊती अधिक दाट असतात, त्यामुळे आपल्या स्त्रियांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. आणि हाताला गाठ लागत असेल तर दोन्ही अहवाल स्वच्छ असले तरी शल्यचिकित्सकाला दाखवल्यावाचून राहू नये.

पहिल्या भेटीत केंद्राने बायोप्सीची घाई केली नाही. डाव्या स्तनाच्या तेवढ्याच भागाच्या दोन मोठ्या केलेल्या क्ष-किरण प्रतिमा पुन्हा घेतल्या, कारण आधीच्या केंद्राने त्या घेतल्याच नव्हत्या आणि कणांचा आकार त्यांच्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. मग त्याच डॉक्टरांनी, मॅमोग्राफीची जागा डोळ्यांसमोर ठेवून, त्याच भागाची सोनोग्राफी स्वतः केली. आधीच्या सोनोग्राफीत आणि या सोनोग्राफीत मला दिसलेला फरक असा की पहिल्या वेळी तपासणाऱ्याला मॅमोग्राफी दाखवलीच गेली नव्हती. त्यांना काय शोधायचे हे माहीत नसताना त्यांनी जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहिले. माझे आता ठाम मत झाले आहे की या दोन तपासण्या शक्यतो एकाच छताखाली, आधी मॅमोग्राफी व मग सोनोग्राफी या क्रमाने, आणि एकाच डॉक्टरांच्या नजरेखाली व्हाव्यात. चार पैसे वाचवण्यासाठी किंवा सवड मिळेल तशा त्या वेगवेगळ्या ठिकाणी केल्या की असे परस्परविरोधी कागद हाती पडण्याची शक्यता वाढते.

नव्या प्रतिमांनंतरही श्रेणी ४ए हीच राहिली. या श्रेणीचा अर्थ डॉक्टरांनी एका कोऱ्या कागदावर लिहून दाखवला. बायरॅड्स ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने ठरवलेली अहवाल लिहिण्याची पद्धत आहे. तिच्यात ० म्हणजे चित्र अपूर्ण, आणखी प्रतिमा हव्यात; १ आणि २ म्हणजे काळजीचे कारण नाही; ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा पाहणे पुरेसे; ४ए म्हणजे ही शक्यता २ टक्क्यांहून अधिक पण १० टक्क्यांपर्यंत; ४बी म्हणजे १० ते ५०; ४सी म्हणजे ५० ते ९५; आणि ५ म्हणजे ९५ टक्के किंवा त्याहून अधिक. “तुमच्यासारख्या शंभर जणींची बायोप्सी केली तर नव्वदहून अधिक जणींना काही निघत नाही,” असे त्यांनी वहिनींना सांगितले, “पण उरलेल्या कोण ते मला चित्रावरून ओळखता येत नाही, आणि ज्यांना निघते त्यांना ते आता कळण्यात आणि सहा महिन्यांनी कळण्यात फरक पडू शकतो.” सहा महिने थांबण्याचा सल्ला श्रेणी ३ साठी असतो, ४ए साठी नाही, हे इतक्या स्वच्छ शब्दांत आम्हाला तोवर कोणी सांगितले नव्हते.

दादाने एमआरआयचा प्रश्न काढला तो येथेच, आणि या केंद्राविषयी माझे मत सर्वांत अधिक उंचावले ते त्याच्या उत्तरामुळे. केंद्राचा एमआरआय विभागाशी करार आहे, म्हणजे हो म्हणण्यात त्यांचा काही तोटा नव्हता. तरीही डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटले. स्तनाचा एमआरआय अतिशय संवेदनशील असतो. त्यासाठी शिरेतून गॅडोलिनियमचे औषध द्यावे लागते, त्याआधी मूत्रपिंडाचे काम नीट आहे ना हे पाहावे लागते, आणि पाळी चालू असणाऱ्या स्त्रियांत तो पाळीच्या दुसऱ्या आठवड्यात केलेला बरा असतो. परंतु कॅल्शियमचे कण त्यात दिसत नाहीत. म्हणून या कणांच्या बाबतीत एमआरआय स्वच्छ आला तरी बायोप्सी टळली नसती; आणि त्यात भलतीकडेच काही उजळलेले दिसले असते, जे बरेचदा निरुपद्रवी निघते, तर आणखी तपासण्यांची एक माळ मागे लागली असती. “उत्तर हो आले काय किंवा नाही आले काय, पुढचे पाऊल बदलणार नसेल तर ती तपासणी मी सांगत नाही,” हे त्यांचे वाक्य दादाने नंतर घरी दोनदा सांगितले. ज्यांच्या घराण्यात स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातील दोष आढळलेला आहे, ज्यांना स्तनाचे रोपण आहे, किंवा कर्करोग निश्चित झाल्यावर त्याचा विस्तार किती आहे हे पाहायचे आहे, अशांना एमआरआयचा उपयोग होतो, तसेच मॅमोग्राफी व सोनोग्राफी दोन्हींनी उत्तर न मिळता सुई नेमकी कोठे घालायची हेच कळत नसेल तेव्हाही होतो, असे त्यांनी पुढे सांगितले. महागडी तपासणी म्हणजे अखेरची आणि खात्रीची तपासणी, हा आपल्याकडचा समज आहे. तो बाजूला ठेवायला लावणारे केंद्र मला विरळा वाटले.

निघताना एक पानाचे टिपण हातात मिळाले. दोन्ही जुन्या अहवालांचा उल्लेख, ते का जुळत नव्हते याचे दोन ओळींत कारण, नव्या प्रतिमांत काय दिसले, बायोप्सीचा कोणता प्रकार सुचवला आहे आणि तो का, हे सर्व त्यात होते. घरी जाऊन विचार करा, एक-दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही, पण महिनोन्महिने लांबवू नका, असे सांगून त्यांनी आम्हाला पाठवले. हे टिपण वहिनींच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवले आणि त्यांनीही ते मान्य केले. घरात चर्चा झाली तेव्हा प्रथमच सगळे एकाच कागदाकडे बघून बोलत होते.

निर्णय अखेर वहिनींनी घेतला, आणि तो त्यांनीच घ्यावा अशी केंद्राचीही भूमिका होती. डॉक्टरांनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर वहिनींकडे बघून दिले, दादाने विचारलेल्या प्रश्नाचेसुद्धा. ज्या घरांत बाईच्या आजाराविषयी बाकीचेच बोलत राहतात त्यांना या साध्या सवयीचे मोल कळेल.

बायोप्सीविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण भीती तिचीच असते. आईच्या मनातली शंका शल्यचिकित्सकांनी गांभीर्याने घेतली. सुईमुळे कर्करोग शरीरभर पसरतो आणि रुग्णाचे नुकसान होते याला अभ्यासांचा आधार नाही. उलट निदान न करता थेट शस्त्रक्रिया केली तर नको असलेली किंवा अपुरी शस्त्रक्रिया होण्याची शक्यता असते, असे त्यांनी आईला फोनवरून समजावले. बारीक सुईने पेशी ओढून घेण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा ऊतीचा सलग तुकडा काढणारी बायोप्सी अधिक भरवशाची असते, कारण कर्करोग असल्यास तो नलिकेच्या आत आहे की बाहेर पडला आहे हे नुसत्या पेशींवरून ठरवता येत नाही. वहिनींचे कण सोनोग्राफीत दिसत नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी मॅमोग्राफीच्या मार्गदर्शनाने करायची व्हॅक्यूम बायोप्सी, म्हणजे शोषून घेणाऱ्या सुईने ऊतीचे तुकडे काढण्याची पद्धत, सुचवली होती. ही सोय सगळ्या केंद्रांत नसते. वेळ ठरवण्यापूर्वी ती आहे का हे अवश्य विचारावे, नाहीतर सोनोग्राफीखाली अंदाजाने सुई घातली जाते आणि नेमके कण राहून जातात.

वहिनी खुर्चीत बसलेल्या असताना स्तन मॅमोग्राफीसारखाच दाबून धरला गेला, दोन तिरक्या कोनांतून प्रतिमा घेऊन संगणकाने जागेचे माप काढले, आणि जागा बधिर करून सुई आत गेली. भुलेचे इंजेक्शन चुरचुरले, नंतर दाब जाणवला पण दुखले नाही, असे वहिनी म्हणाल्या. त्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात का, हे आधीच दोनदा विचारून झाले होते. मला बाहेर बसवले होते, पण मधेच परिचारिका मला आत बोलवायला आली आणि तिने एक गोष्ट दाखवली ती मी विसरणार नाही. काढलेले तुकडे एका चपट्या प्लास्टिकच्या डबीत ओळीने मांडून त्यांचा क्ष-किरण फोटो काढला होता, आणि करड्या दोऱ्यांसारख्या त्या तुकड्यांपैकी तिघांत तेच पांढरे ठिपके दिसत होते. जे शोधायचे होते तेच बाहेर आले आहे याची ही खातरजमा असते. ती न करता पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल ‘काही नाही’ असा आला तरी त्याला अर्थ राहत नाही. त्यानंतर त्या जागी खूण म्हणून टायटॅनियमची एक बारीकशी क्लिप सोडली, काही वेळ दाब देऊन पट्टी बांधली आणि बर्फाची पिशवी देऊन दोन दिवस जड उचलू नका म्हणून सांगितले. येताना आम्ही ट्रान्स हार्बरच्या गाडीने आलो होतो, पण त्या गाड्यांचे फलाट स्टेशनच्या पूर्वेकडच्या टोकाला असल्याने परतताना पुलाची ती चढउतार वहिनींना नको वाटली, आणि आम्ही कळव्यावरून रिक्षाने ऐरोलीला गेलो. ज्यांना शक्य आहे त्यांनी आधीच वाहनाची सोय ठेवावी.

अहवाल स्क्लेरोझिंग ॲडिनोसिस असा आला. हा कर्करोग नव्हे, आणि कॅल्शियमचे असे कण तयार होण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. पण केंद्राने तो अहवाल नुसता मोबाइलवर पाठवून विषय संपवला नाही. डॉक्टरांनी पुन्हा बोलावून तुकड्यांचा क्ष-किरण फोटो, मूळ प्रतिमा आणि पॅथॉलॉजीचा अहवाल तिन्ही एकत्र पाहिले, कण नमुन्यात होते आणि पॅथॉलॉजिस्टनाही ते दिसले आहेत याची खात्री केली, आणि हा निष्कर्ष प्रतिमेशी जुळतो अशी पुरवणी नोंद सहीनिशी दिली. जुळला नसता तर बायोप्सी पुन्हा करावी लागली असती किंवा शस्त्रक्रियेने तो भाग काढून तपासावा लागला असता, हेही त्यांनी लपवले नाही. दोन परस्परविरोधी कागदांनी सुरू झालेल्या प्रकरणात तिसरा कागद पहिल्या दोघांशी ताडून पाहणे किती गरजेचे असते, हे मला त्या पुरवणी नोंदीने पटले. पॅथॉलॉजीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक जपून ठेवलेले आहेत, आणि कधी टाटामध्ये किंवा अन्यत्र दुसरे मत घ्यायचे झाले तर ते मिळतील, असे त्यांनी न विचारता सांगितले.

आता उणिवा. बायोप्सीचे संमतीपत्र केवळ इंग्रजीत आहे. परिचारिकेने ते मराठीतून वाचून समजावले खरे, पण ज्या कागदावर बाईने सही करायची तो तिच्या भाषेत असायलाच हवा, आणि ठाण्यात तर त्याला काही सबब नाही. पॅथॉलॉजीचे शुल्क वेगळे आहे हे आम्हाला बायोप्सीच्या दिवशी काउंटरवर कळले. बायोप्सीचा एकूण खर्च मॅमोग्राफीच्या कित्येक पट होतो, आमच्या आरोग्य विम्यात रुग्णालयात दाखल न होता केलेला हा खर्च बसला नाही, आणि अशा वेळी एकूण आकडा आधीच लेखी मिळाला असता तर बरे झाले असते. प्रतीक्षाकक्ष गरोदर स्त्रियांच्या सोनोग्राफीसाठी आलेल्यांबरोबर सामाईक आहे. बायोप्सीची वाट पाहणाऱ्या बाईच्या शेजारी पेढ्यांचा पुडा घेऊन कोणी बसते, त्यात कोणाचा दोष नाही, पण व्यवस्थापनाने निदान बसण्याची जागा वेगळी करावी अशी माझी कळकळीची सूचना आहे. कपडे बदलण्याच्या खोलीत कडीही सैल आहे.

हे सर्व धरूनही मी या केंद्राला पाचपैकी चार तारे देत आहे, आणि वजा केलेला तारा संमतीपत्र व खर्चाच्या अंदाजासाठी आहे. वार्षिक तपासणीसाठी येथे यायलाच हवे असे नाही. ती इतरत्रही चांगली होते आणि स्वस्तात होते. ज्यांच्या दोन तपासण्यांचे एकमेकींशी जुळत नाही त्यांनी मात्र जुन्या-नव्या सगळ्या प्रतिमा गोळा करून येथे यावे. वहिनींची पुढची मॅमोग्राफी सहा महिन्यांनी येथेच ठरली आहे, आणि त्याआधी हाताला गाठ लागली, स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव आला किंवा कातडी आत ओढल्यासारखी दिसली तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता यावे, असे टिपणाच्या शेवटी डॉक्टरांनी मराठीत हाताने लिहून दिले आहे.